सेल्फ कधी लागतो, कधी नाही: एका १५० सीसी गाडीचा तपास

गाडी २०१५ सालची, १५० सीसी, कार्ब्युरेटरची, किक आणि सेल्फ दोन्ही असलेली. चिपळुणात बेकरीचा पाव पोचवायला वापरली जाते. दोन्ही बाजूंना लाद्यांच्या पिशव्या, रोज चाळीसेक थांबे. तक्रार अशी की सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं की काहीच होत नाही. ना टक्, ना घरघर. किक मारली की पहिल्या-दुसऱ्या किकला चालू. मग दिवसभरात वीस वेळा सेल्फ बिनबोभाट लागतो आणि एकविसाव्या वेळी गप्प. हॉर्न खणखणीत, इंडिकेटर नीट, न्यूट्रलचा हिरवा दिवा लख्ख.

तपासाला येण्याआधी पाच महिन्यांत गाडी तीन ठिकाणी फिरली होती. सकाळचा त्रास म्हणून आधी बॅटरी बदलली गेली (१२ व्होल्ट, ५ अँपिअर-तास, मेंटेनन्स फ्री). अकरा दिवस बरे गेले. मग रिले (बटणाच्या बारीक करंटवर मोटरचा मोठा करंट जोडणारा स्विच) बदलला, त्यावर तीन आठवडे निघाले. शेवटी सेल्फ मोटर उघडून कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) बदलले, त्याने दोनच दिवस आराम पडला. तिन्ही वेळा गाडी ताब्यात देताना सेल्फ लागत होता, म्हणून तिन्ही वेळा काम झालं असंच सगळ्यांना वाटलं. अधूनमधून येणाऱ्या बिघाडाचा हाच चकवा. काहीही बदला, पुढचे काही दिवस तो बरा झाल्यासारखा वाटतो.

सुटे भाग बदलण्याआधी ऐकायचं असतं. बटण दाबल्यावर एकच ठसठशीत ‘टक्’ आला आणि मोटर फिरली नाही, तर रिलेची कॉइल (वीज मिळाली की आतले संपर्क ओढून जोडणारं वेटोळं) काम करते आहे. दोष पुढे, म्हणजे रिलेचे जाड संपर्क, मोटरची केबल, कार्बन किंवा इंजिनाची अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी वाट). ‘टकटकटकटक’ अशी माळ लागली तर बॅटरी उतरलेली किंवा तिचा स्क्रू ढिला. मोटर गरगर फिरते पण इंजिन हलत नाही, तर दोष मोटरची फेर इंजिनाला देणाऱ्या वन-वे क्लचचा, त्यात विजेचा संबंध नाही. आणि काहीच आवाज नाही, तर कॉइलपर्यंत वीजच पोचत नाही. या गाडीत बहुतेक वेळा काहीच आवाज नव्हता. क्वचित एखादा दबका, अर्धवट टक् यायचा. म्हणजे मोटर उघडायचं कारण मुळातच नव्हतं. मोटरपर्यंत प्रश्न गेलाच नव्हता.

या गाडीतला मार्ग सरळ आहे. बॅटरी, फ्यूज, चावीचा स्विच, हँडलवरचं सेल्फ बटण, तिथून पिवळ्यावर लाल रेघ असलेली वायर टाकीखालून रिलेपर्यंत. रिलेच्या कॉइलचं दुसरं टोक क्लच स्विचमधून अर्थला जातं किंवा एका डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) न्यूट्रल स्विचला. रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून आपल्या गाडीचा नकाशा हाताशी हवाच. या कॉइलचा रोध ४.२ ओम भरला. म्हणजे बटण दाबल्यावर या बारीक वायरीतून पावणेतीन-तीन अँपिअर जातात. हा आकडा पुढे कामाला येतो. न्यूट्रलचा दिवा जळतो म्हणून न्यूट्रलकडचा मार्ग चांगला, असं समजण्यातही अर्थ नाही. तो इवलासा बल्ब अँपिअरच्या सातव्या-आठव्या हिश्शावर जळतो. दिव्याला पुरणारा मार्ग कॉइलला पुरेलच असं नाही.

मालकाला ‘केव्हा बंद पडते?’ असं विचारलं तर ‘सकाळी’ आणि ‘कधीकधी मध्येच’ एवढंच उत्तर येत होतं. प्रश्न बदलून ‘बंद पडते तेव्हा गाडी कशी उभी असते?’ असं विचारल्यावर चित्र बदललं. सकाळी हँडल लॉक काढल्याबरोबर, साईड स्टँडवर असतानाच, पिशव्या लादून बटण दाबायची सवय. थांब्यांवरही तसंच. गाडी साईड स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, पाव देऊन आलं की शेजारी उभं राहूनच बटण. साईड स्टँडवर उभ्या गाडीचं हँडल डावीकडे लोळलेलं असतं, आणि हँडल लॉकही डावीकडेच लागतो. सेल्फ लागला नाही की मालक गाडीवर बसून, हँडल सरळ करून किक मारायचा. म्हणून पुढच्या वेळी सेल्फ लागायचा.

गॅरेजमध्ये मात्र गाडी डबल स्टँडवर चढते आणि हँडल सरळ राहतं. त्या अवस्थेत बिघाड दिसायची शक्यताच नव्हती, मग गाडी आठवडाभर ठेवून घेतली तरी काय उपयोग! सकाळचा गारवा आणि इंजिनाची गरमी, दोघांवर पाच महिने उगाच आळ आला होता.

अर्थात संशय म्हणजे पुरावा नव्हे. हँडलचा धागा हाती लागल्यावर लगेच वायरिंग ओढून-ताणून पाहण्याचा मोह होतो, तो टाळायचा. एकदा हात लावून बिघाड तात्पुरता गेला की तो पुन्हा पकडेपर्यंत आठवडा जातो. कपलर (वायरींचा प्लॅस्टिकचा जोड) काढून फुंकणं, संपर्क साफ करणारा स्प्रे मारणं, हे सगळं मोजणी झाल्यावर.

आधी जाड बाजू, म्हणजे बॅटरीपासून मोटरपर्यंतच्या जाड केबली. बॅटरी रात्रभर स्थिर ठेवून १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना १०.७. इथे ९.६ च्या खाली गेली असती तर बॅटरी बाद धरावी लागली असती. इंजिन मध्यम वेगावर असताना चार्जिंग १४.२, म्हणजे स्टेटर (वीज तयार करणारा) आणि रेग्युलेटर (तिचे व्होल्ट आवरणारा) ठीक. चावी बंद असताना गळती एक मिलिअँपिअरच्याही आत. गळती मोजायला मीटर मायनसच्या वाटेत लावलेलं असतं, अशा वेळी चुकून सेल्फ दाबला तर मीटरचा फ्यूज तिथेच उडतो.

मग सेल्फ फिरत असताना टप्प्याटप्प्याने व्होल्टची घट पाहिली. बॅटरीच्या प्लसपासून रिलेच्या पहिल्या बोल्टपर्यंत ०.०५ व्होल्ट, रिलेच्या दोन जाड बोल्टांमध्ये ०.१२, रिलेपासून मोटरपर्यंत ०.०८, मोटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.१५. प्रत्येक टप्प्यावर ०.२ ते ०.३ पर्यंत चालतं, त्यामुळे इथे खोट नाही. हे मोजताना इंजिन चालू होऊ नये म्हणून प्लग कॅप काढावी लागते. पण ती मोकळी लोंबकळत ठेवू नये. कॅपमध्ये जुना प्लग घालून तो इंजिनाला टेकवून ठेवायचा, नाहीतर इग्निशन कॉइल आणि सीडीआयवर (ठिणगीची वेळ सांभाळणारा भाग) नाहक ताण येतो.

आता बारीक बाजू, म्हणजे बटणापासून रिलेच्या कॉइलपर्यंतची वायर. बॅटरीचा मायनस काढून मोटरकडे जाणारी जाड केबल रिलेवरून सोडवली, तिच्या टोकाला टेप गुंडाळली आणि मायनस परत जोडला. आता बटण कितीही वेळा दाबलं तरी नुसता रिले टक् करतो, इंजिन फिरत नाही, बॅटरी उतरत नाही. रिलेचा कपलर न काढता, मागच्या बाजूने वायरीच्या कडेने बारीक टाचण्या आत सरकवल्या आणि मीटरच्या लांब वायरी त्यांना लावल्या. कपलर न काढणं इथे फार महत्त्वाचं, त्याचं कारण पुढे येईल. मीटर टाकीवर ठेवलं, क्लच दाबला, बटण दाबून धरलं.

हँडल सरळ: कॉइलवर ११.३ व्होल्ट. बॅटरी १२.५ असताना १.२ व्होल्टची घट दहा वर्षं वापरलेल्या स्विचांच्या मानाने जरा जास्त, पण रिले खुशाल उचलतो. हँडल उजवीकडे टोकाला: ११.३. डावीकडे नेताना शेवटच्या दोन-तीन बोटांच्या अंतरात आकडा नाचायला लागला. १०.९, ८, परत ११. टोकाला पोचल्यावर ५.२ वर येऊन थांबला आणि रिले सुटला. हँडल तिथेच धरून बटण पुन्हा दाबलं, रिले गप्प. सात-आठ व्होल्टांच्या खाली बहुतेक रिले उचलतच नाहीत. पाच महिन्यांत बिघाड पहिल्यांदाच समोर उभा होता आणि हवा तितका वेळ थांबायला तयार होता.

मग मार्गाचा मध्य गाठायचा. हेडलाइट उतरवून आतल्या कपलरमध्ये, म्हणजे बटणाच्या पुढच्या बाजूला, त्याच पिवळ्या-लाल वायरीत टाचणी घातली. हँडल डावीकडे टोकाला ठेवूनच बॅटरीच्या मायनसच्या तुलनेत तिथे १२.१ व्होल्ट आणि त्याच वायरीच्या रिलेकडच्या टोकाला ५.३. एकाच वायरीच्या दोन टोकांत ६.८ व्होल्टचा फरक. कॉइलमधून त्या क्षणी १.२४ अँपिअर जात होते, म्हणजे वाटेत साधारण साडेपाच ओमचा अडथळा. चावी, बटण, क्लच स्विच सगळे सुटले. उरला तो हेडलाइट ते रिले हा वायरिंगचा तुकडा, आणि त्यात वाकण्याची जागा एकच: हँडलची मान.

टाकी काढल्यावर मानेच्या डाव्या बाजूला, फ्रेमला असलेली वायरिंगची मूळ क्लिप रिकामी दिसली. वायरिंग तिच्या बाहेरून नेऊन एका काळ्या प्लॅस्टिक टायने फ्रेमच्या नळीला करकचून आवळलेलं होतं. दीड वर्षापूर्वी हँडलचा कोनसेट (मानेतल्या बेअरिंगचा संच) बदलला होता, ते काम तेव्हाचं. मूळ मांडणीत मानेजवळ वायरिंगला ढील असते, त्यामुळे वळण हातभर लांबीवर पसरतं. टाय आवळल्यावर सगळं वळण बोटभर जागेत आलं. रोजचे चाळीस थांबे, म्हणजे दीड वर्षात वीस हजारांच्या आसपास वेळा एकाच ठिकाणी मुडपणं. त्यात कोकणातली दमट, खारी हवा.

टाय कापून टेप सोडवली. बाहेरून पिवळी-लाल वायर निर्दोष दिसत होती, कुठे चीर नाही, काळपटपणा नाही. पण दोन चिमटींत धरून हलकेच ताणल्यावर ती रबरबँडसारखी लांबली आणि सोडल्यावर आखडली. तांबं शाबूत असलेली वायर अशी कधीच ताणली जात नाही. लांबलं ते नुसतं प्लॅस्टिक. ब्लेडने आवरण उभं चिरलं तर आत सगळ्या तारा एकाच रेषेत तुटलेल्या, टोकं घासून बोथट झालेली, त्यांवर हिरवट-काळी पूड. हँडल सरळ असताना ही टोकं एकमेकांवर दाबली जायची, डावीकडे वळलं की सुटायची किंवा पुडीतूनच कशीबशी शिवायची.

याबाबत एक समजूत सर्रास ऐकू येते की ‘एकच तार शिल्लक राहिली होती, म्हणून करंट कमी जात होता.’ हिशेब केला तर ते टिकत नाही. ०.२ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एका तारेचा सेंटिमीटरभर लांबीचा रोध जेमतेम ०.००५ ओम. तीन अँपिअरला तिथे घट पडते पंधरा-सोळा मिलिव्होल्ट. म्हणजे वीसपैकी एकोणीस तारा तुटल्या तरी रिले मजेत उचलतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. बिघाड सुरू होतो तो शेवटची तार तुटल्यावर. वर्ष-दीड वर्ष झीज चालू असूनही तक्रार अचानक का उपटते, याचं उत्तर इथे आहे.

आता कपलर न काढण्याचं कारण. रिले बदलला त्या वेळी तपासणी झाली होती, नाही असं नाही. कपलर काढून, बटण दाबून, मीटरने पिवळ्या-लाल वायरीवर १२.५ व्होल्ट पाहिले आणि ‘वायर ठीक, रिले गेला’ असा निकाल दिला. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध दहा मेगाओमच्या घरात असतो. त्याच्यापुढे साडेपाच ओम म्हणजे हत्तीपुढे मुंगीदेखील नव्हे. भार नसताना कुजकी वायरही पूर्ण व्होल्ट दाखवते. कॉइल जोडलेली असतानाच मोजावं, आणि कपलर काढणं भागच असेल तर कॉइलच्या जागी मागच्या दिव्याचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब लावावा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो आणि मंद होऊन खरं काय ते सांगतो. मीटरची कंटिन्युटीची पिपाणी (मार्ग जोडलेला असेल तर वाजणारी) याहून फसवी. बहुतेक मीटरांत ती तीस-चाळीस ओमपर्यंत वाजतच राहते.

मात्र हा बल्बचा उपाय नव्या इंजेक्शनच्या गाड्यांत डोळे झाकून करू नये. त्यांत या साखळीत साईड स्टँडचा स्विच असतो आणि कित्येकदा रिलेला हुकूम ईसीयू (इंजिनाचा संगणक) देतो. ईसीयूच्या पायावर दोन अँपिअरचा बल्ब टांगला तर सेल्फचा बिघाड राहील बाजूला, भलताच खर्च अंगावर येईल.

दुरुस्तीत तुटलेल्या जागीच जोड देऊन टेप गुंडाळणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात वाईट. सोल्डर वायरीच्या तारांमध्ये झिरपतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि जिथे ताठ भाग संपतो तिथेच पुढच्या खेपेला वायर तुटते. म्हणून वाकणारा भाग पूर्ण काढला. हेडलाइटच्या आतपासून टाकीखालच्या सरळ भागापर्यंत साधारण ४० सेंटिमीटर नवी ०.७५ चौरस मिलिमीटरची लवचिक ऑटो वायर घातली. घरगुती वायरिंगची एकाच जाड तारेची वायर इथे चालत नाही. दोन्ही जोड न वाकणाऱ्या जागी, क्रिम्प स्लीव्ह दाबून, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). 

शेजारच्या वायरी एकेक करून ताणून पाहिल्या. चावीच्या स्विचकडे जाणाऱ्या एका वायरीचं आवरण मुडपलेल्या जागी कडक आणि पांढुरकं झालं होतं. तांबं अजून शाबूत असलं तरी तीही तशीच बदलली, फक्त दोन्ही वायरींचे जोड एकमेकांसमोर येऊ दिले नाहीत, नाहीतर वायरिंगला तिथे गाठ येते. ती तुटली असती तर नुसता सेल्फ गेला नसता, परशुराम घाटात चालती गाडी बंद पडली असती. वायरिंग मूळ क्लिपमधून घेतलं आणि मानेच्या भागावर चिकट टेपऐवजी सैल पीव्हीसी नळी चढवली. टाय फक्त मानेपासून वीतभर दूर. हँडल दोन्ही टोकांना नेऊन वायरिंग कुठेही ताणत नाही आणि टाकीच्या कडेत चिमटत नाही, हे टाकी बसवण्याआधी आणि बसवल्यावरही पाहिलं. टाकीखाली दबून नवं दुखणं सुरू होणं फार नेहमीचं आहे.

१.२ व्होल्टची ती जास्तीची घटही सोडली नाही. त्यातले ०.३ क्लच स्विचवर होते. स्विच खोलून हिरवट संपर्क बारीक पॉलिश पेपरने पुसले आणि किंचित डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं. बटणाचे संपर्कही तसेच पुसले. बटणाच्या आतली स्प्रिंग उडून हरवते, म्हणून ते खोलताना खाली फडकं अंथरायचं. यानंतर कॉइलवर ११.७ व्होल्ट आले. क्लच सोडून न्यूट्रलमध्ये मोजलं तर ११.१, आणि तो दोष नव्हे. त्या वाटेत डायोड आहे, ०.६ ते ०.७ व्होल्ट त्याचेच.

पडताळणी बिघाड झाला त्याच अवस्थेत केली. मोटरची केबल काढलेलीच ठेवून, बटण दाबून धरून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस वेळा. आकडा ११.७ वरून ०.१ नेसुद्धा हलला नाही. मानेवर पाणी शिंपडून पुन्हा तेच. मग केबल जोडून गाडी रात्रभर डावीकडे हँडल लॉक करून ठेवली आणि सकाळी लॉक काढून, हँडल न हलवता, साईड स्टँडवरच सेल्फ मारला. पहिल्या दाबाला लागला. सहा आठवड्यांनी पाहिलं तेव्हाही आकडे तेच होते.

वायर, स्लीव्ह, नळी सगळं मिळून सामान शंभर रुपयांच्या आतलं, वेळ मोजणीला दीड तास आणि दुरुस्तीला दोन. आधी काढलेला मूळ रिले मालकाने डिकीत टाकून ठेवला होता. तपासला तर कॉइल ४.२ ओम, जाड संपर्कांवर घट ०.१ व्होल्ट. स्पेअर म्हणून तो तिथेच राहू दिला. जुनी बॅटरी मात्र नवी घेताना मोडीत गेली होती.